धरणावरच्या लाँचचा जुना ऑटोपायलट

नौदलात मी इलेक्ट्रिकल शाखेत होतो आणि तिथून सुटल्यावर काही वर्षं मालवाहू जहाजांवर. साताऱ्यात कायमचा परतलो तेव्हा इथे समुद्र नाही याचंच मला बरं वाटलं होतं. आमच्या गल्लीत निवृत्त फौजी पाचजण आहेत. मी नौदलातला, तेही खलाशांच्या रांगेतून वर आलेला, तरी मला सगळे 'मेजर'च म्हणतात. सुरुवातीला मी दुरुस्त करायचो, नंतर तेही सोडून दिलं.

एमआयडीसीतल्या दोन कारखान्यांची कंट्रोल पॅनलं मी बघायचो. मागच्याच्या मागच्या दिवाळीनंतर तेही बंद करायचं ठरवलं होतं. गुडघे बोलायला लागले होते. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. बारीक स्क्रू बोटांना कळायचा, पण डोळ्यांना सापडायचा नाही. बायकोला मी सांगून टाकलं, आता बास. हे ती तिसऱ्यांदा ऐकत होती.

त्याच आठवड्यात एका मॅडमचा फोन आला. कडेगावकडच्या ऊसवाल्या घरातली मुलगी, तिशीची असेल, धरणांतला गाळ मोजणाऱ्या खात्यात इंजिनियर. माझं नाव कुणी दिलं ते तिने सांगितलं, ते मी लगेच विसरलो. "काका," ती म्हणाली, "आमच्या लाँचवर नवा प्लॉटर बसवलाय. जुना ऑटोपायलट त्याचं काही ऐकतच नाही. कंपनीचे लोक म्हणतात, ऑटोपायलट फेकून द्या. तुम्ही एकदा बघून जाल का?"

नाही म्हणायलाही अंगात थोडी ताकद लागते. मी बरं म्हणालो.

धरणातला गाळ कसा मोजतात हे मला तोवर माहीत नव्हतं. पावसाळ्यानंतर धरण भरलेलं असताना लाँच या काठापासून त्या काठापर्यंत सरळ रेषेत न्यायची, मग थोडं सरकून तशीच दुसरी रेषा, मग तिसरी. लाँचच्या तळाला बसवलेलं यंत्र सगळा वेळ खोली मोजत असतं. रेषा वाकडी गेली की ते माप रद्द. जुन्या व्यवस्थेत पडद्यावर नकाशा दाखवणारा प्लॉटर ऑटोपायलटला सांगायचा, तू रेषेच्या एवढा डावीकडे गेलास, आणि ऑटोपायलट तेवढं सुकाणू फिरवायचा. जुना प्लॉटर उन्हाळ्यात बंद पडला. नवा आला तो सुंदर होता, मोठा, रंगीत. पण तो सगळी माहिती एकाच जाड केबलमधून नव्या पद्धतीने पाठवायचा. जुन्या ऑटोपायलटला दोन बारीक तारांवरून, एका वेळी एक ओळ अशी माहिती घ्यायची सवय. दोघांच्या मध्ये बसायला एक काळी डबी मिळते, कन्व्हर्टर. ती मॅडमने मागवून ठेवली होती. नवा ऑटोपायलट घ्यायचा तर प्रस्ताव, मंजुरी, म्हणजे हे वर्ष हातातून गेलं. तोवर पाणी उतरलं असतं.

सकाळी जीप घ्यायला आली. धरणावर पोचलो तेव्हा पाण्यावर धुकं होतं आणि धक्क्याला एक जुनी फायबरची लाँच बांधलेली होती. तिचा ड्रायव्हर धक्क्यावर उकिडवा बसला होता. पन्नाशी उलटलेला, शिडशिडीत, डोक्याला मफलर. उजवा हात स्वेटरच्या खिशात.

"या मेजर," तो म्हणाला. इथेही तेच. "आवं, त्यो नवा पडदा दिसायला लय झ्याक हाय. पर ह्या जुन्याशी बोलतच न्हाई. दोगं एका घरात ऱ्हात्यात आन् तोंडं फिरवून बसल्यात."

मी आत शिरून स्टेअरिंगच्या पॅनलखाली हात घातला. तारा बघून मी कपाळाला हात लावला. मूळ ज्याने काम केलं होतं त्याच्याकडच्या रंगीत तारा संपल्या असाव्यात. चारही तारा पांढऱ्या होत्या, वर काळी टेप, आणि त्यांतल्या दोन बाकाखाली कुठेतरी नाहीशा होत होत्या. मी कन्व्हर्टर जोडला. ऑटोपायलटच्या छोट्या खिडकीत 'माहिती नाही' अशा अर्थाची खूण आली. दोन तारांची अदलाबदल करून पाहिली, तरी तीच खूण. मग तिसरी-चौथी तार. मल्टिमीटर कधी काही दाखवायचा, कधी नाही. दुपारपर्यंत माझं पोटावर, कुशीवर, पाठीवर, सगळ्या बाजूंनी झोपून झालं होतं.

ड्रायव्हर शेजारी बसून होता. मी पाना मागितला की डाव्या हाताने द्यायचा. मला वाटलं, डावखुरा असेल.

"हे बसवलं कुणी, दादा?" मी विचारलं.

"सांगलीचं एक मिस्त्री हुतं. अण्णा म्हनायचो आमी. आठ दिस हितंच ऱ्हायलं, माज्या घरी जेवायचं. कांदा-लसूण न्हाई, दिस मावळला की जेवान न्हाई. आमच्या मंडळींची लय तारांबळ." तो हसला. मग इंजिनच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने लिहिलेला एक नंबर त्याने मला दाखवला.

मी तिथूनच फोन लावला. एका बाईंनी उचलला. मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्यांना फोनवर बोलता येत नाही. अर्धांग झालं दोन वर्षांमागं. पण समजतं सगळं. तुम्ही घरी या."

दोन दिवसांनी एसटीने सांगलीला गेलो. खिडकीपाशी बसलो आणि कराडपर्यंत झोपलो. त्यांचं घर नदीपासून फार लांब नव्हतं. खालच्या खोलीच्या भिंतीवर, छातीच्या उंचीला, पुराच्या पाण्याची रेघ रंगाखालून अजून दिसत होती. अण्णा पलंगावर उशीला टेकून बसले होते. उजवी बाजू लुळी, तोंड किंचित वाकडं, पण केस तेल लावून नीट विंचरलेले. मी लाँचचं नाव काढलं आणि त्यांचे डोळे एकदम जागे झाले.

"यांच्या वह्या होत्या," फोनवर बोललेल्या बाई, अण्णांच्या घरच्या वहिनी, म्हणाल्या. "प्रत्येक कामाची वेगळी वही, प्रत्येक तारेचं चित्र. सगळं या खोलीत होतं. पाणी आलं तेव्हा आम्ही धाकट्या मुलीला घेऊन वर गेलो, वह्या खालीच राहिल्या. नंतर उन्हात वाळवल्या, पण शाई उरलीच नव्हती."

अण्णांनी डाव्या हाताने कागद मागितला. वहिनींनी पाट मांडीवर ठेवला, पेन्सिल दिली. ते चित्र काढायला लागले. मला चहा प्यायला लागतो तेवढा वेळ त्यांना एक रेघ ओढायला लागत होता. आधी ऑटोपायलटचा चौकोन. त्यातून दोन तारा. तारा बाकाखालच्या एका छोट्या डबीत गेल्या. तिथे दोघींपैकी एक तार त्यांनी बॅटरीच्या वजा खुणेला नेऊन जोडली, आणि त्या जोडावर पेन्सिल दोनदा आपटली. मला कळलं. मी म्हटलं, "म्हणजे उरलेली एकच तार ऐकते?" त्यांनी मान हलवली. तोंडातून एक आवाज आला.

मग त्यांनी कागदाच्या खालच्या कोपऱ्यात एक ठिपका काढला. ठिपक्यापुढे तीन उभ्या रेघा. मग चौथी रेघ, आणि ती त्यांनी खोडली. माझ्याकडे पाहिलं. मला काही उमगलं नाही. त्यांनी पुन्हा तेच काढलं. ठिपका, तीन रेघा, चौथी खोडलेली. मला वाटलं, हात थकला असेल. मी उगाच मान हलवली. मला समजलं नाही हे त्यांना समजलं. त्यांनी डोळे मिटून घेतले. त्या क्षणी मला स्वतःची फार लाज वाटली, पण पुन्हा विचारायचा धीर झाला नाही. वहिनी म्हणाल्या, "दिवस आहे तोवर जेवून जा." जेवलो. भाकरी, मुगाची उसळ. कागद घडी करून खिशात ठेवला आणि परतीची गाडी धरली.

दुसऱ्या खेपेला बाकाखालची डबी सापडली. लाइफ जॅकेटांच्या ढिगाखाली, वाळलेल्या चिखलात. अण्णांनी काढली होती तशीच होती, जोडसुद्धा तोच. कन्व्हर्टरच्या तारा तिथे लावल्या, जोडांवर मिठासारखा धरलेला पांढरा गंज खरवडला, आणि ऑटोपायलटच्या खिडकीत आकडा आला. मॅडमने टाळी वाजवली. टाळी संपायच्या आत आकडा गेला. यंत्राने पीप केलं. पुन्हा आकडा, पुन्हा गेला. एक सेकंद ऐकायचं, मग तोंड फिरवायचं.

लॅपटॉप जोडून तारेवरून जाणाऱ्या ओळी पाहिल्या. सगळं बरोबर होतं. ओळी येत होत्या, पूर्ण होत्या, वेळेवर होत्या. कन्व्हर्टरचा वेग बदलून पाहिला, वायर बदलून पाहिली, अर्थिंगचा जोड नव्याने केला. दुपारचे दोन वाजले तेव्हा मॅडम म्हणाली, "काका, तोवर हाताने दोन रेषा मारून घेऊ." ड्रायव्हर स्टेअरिंगवर बसला. मी मागे बसून नव्या पडद्यावर लाँचची वाट उमटताना बघत होतो. ती सैल सोडलेल्या दोरीसारखी चालली होती, इकडे-तिकडे, पुन्हा इकडे.

मॅडमने वहीत काट मारली. मग माझ्याजवळ येऊन हळू म्हणाली, "काल पण असंच झालं. दादांचा हात फार सरळ होता, असं सगळे सांगतात. मला कळत नाही." ड्रायव्हरने ऐकलं असावं. त्याची मान समोरच होती, पण खांदे वर आले.

घरी आलो आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अंथरुणातून उठलो नाही. बायको म्हणाली, "होत नसेल तर नाही म्हणून सांगा. कुणी फाशी देणार नाही." खरं होतं. मॅडमला कसं सांगायचं याची वाक्यं मनात जुळवत मी खुर्चीत बसलो आणि शर्टाच्या खिशातला तो कागद काढला. टाकून द्यायच्या आधी शेवटचा बघावा म्हणून. दुसऱ्या हाताशी लॅपटॉपवर उतरवून घेतलेल्या त्या ओळी होत्या. त्यांच्यात अक्षांश, रेखांश, आकडे. प्रत्येक आकड्यात दशांश चिन्ह. आणि चिन्हापुढे चार अंक.

ठिपका. तीन रेघा. चौथी खोडलेली.

जुन्या यंत्रात प्रत्येक आकड्याला मोजून जागा ठेवलेली असते. नवा प्लॉटर जास्त अचूक, म्हणून चार अंक पाठवणार. जुना तीनच अंक घेणार. चौथा आला की त्याचं सगळं वाक्यच बिघडायचं आणि तो ते टाकून द्यायचा. अण्णांना हीच अडचण त्यांच्या वेळी आली असणार, आणि ती त्यांना अजून आठवत होती. वह्यांतली शाई गेली, बोलणं गेलं, तरी चौथा अंक खोडायचा हे राहिलं होतं. कन्व्हर्टरच्या सेटिंगमध्ये अंक कमी करायची सोय होती. ती मी पहिल्या दिवशी पाहिली होती आणि बिनकामाची म्हणून सोडून दिली होती. मला आनंद झाला, असं म्हणता येणार नाही. मी बराच वेळ तो कागद हातात धरून तसाच बसून राहिलो.

तिसऱ्या खेपेला पाच मिनिटांत काम झालं. आकडा आला आणि टिकला. मॅडम या वेळी टाळी वाजवायच्या भानगडीत पडली नाही. ती मागच्या बाजूला खोलीच्या यंत्रापाशी गेली. मी ड्रायव्हरच्या शेजारी उभा राहिलो. "लावा, दादा," मी म्हटलं.

आम्ही रेषेपासून बरेच लांब होतो हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. ऑटोपायलट लागला आणि रेषा गाठायला त्याने सुकाणू एकदम उजवीकडे टाकलं. लाँच एका बाजूला कलली. समोर मासेमारीच्या जाळ्याचे पांढरे डबे तरंगत होते, त्यांच्या दिशेने आम्ही सरळ निघालो.

"हातात घ्या!" मी ओरडलो.

त्याने खिशातून उजवा हात काढला आणि बटणाकडे नेला. हात बटणाच्या वर नुसता थरथरत राहिला. एकदा बाजूला गेला, एकदा खाली, भलतंच बटण दाबलं गेलं. मी मध्ये हात घालून ऑटोपायलट बंद केला, स्टेअरिंग फिरवलं. डबे अगदी शेजारून गेले. इंजिन मंद केलं. मागून मॅडमने विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, सेटिंग."

त्याने हात पुन्हा खिशात घातला. मग बाहेर काढला आणि मांडीवर ठेवला. आता लपवण्यात अर्थ नव्हता. हात पिंजऱ्यातल्या पाखरासारखा नाही, अगदी सावकाश, एका लयीत हलत होता, जणू बोटांमध्ये काहीतरी वळत बसलाय.

"कधीपासून?" मी विचारलं.

"वर्स झालं. डाक्टर कंपवात म्हनला. गोळ्या हायत." तो पाण्याकडे बघत बोलत होता. "आवं मेजर, मशिन हुतं तवर कुनाला कळलं न्हाई. लाईन त्येच धरायचं. म्या नुस्ता बसायचो. धक्क्याला लावताना डावा हात चालवायचो. उन्हाळ्यात त्यो पडदा मेला आन् माजं उघडं पडलं. म्हनून तर म्याच मॅडमच्या मागं लागलो, मशिन फेकू नगा, कुनीतरी जोडून दील."

म्हणजे मला बोलावणारा खरं तर हा होता.

"मॅडमला सांगायला पाहिजे, दादा."

"दोन वर्सं ऱ्हायलीत माजी रिटायर व्हायला."

"तिच्यासकट चार माणसं असतात लाँचवर."

"तुमी सांगनार?"

मी त्याला ओळखतच किती होतो? तीन दिवस. पण जहाजांवर एका माणसाचं दुखणं असंच झाकलेलं मी पाहिलं होतं, आणि झाकणाऱ्यांत मीही होतो. त्यातून पुढे काय झालं ते मी घरी कधी सांगितलेलं नाही. "तुम्ही सांगा," मी म्हटलं. "आजच. तुम्ही नाही सांगितलंत तर मग मी सांगेन."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की, पुन्हा माझ्याशी बोलेल असं वाटलं नाही. मग त्याने लाँच डाव्या हाताने, सावकाश, रेषेच्या तोंडाशी नेली. या वेळी बरोबर जवळ आणून ऑटोपायलट लावला. सुकाणू थोडं हललं, थोडं परत आलं. लाँच सरळ निघाली. पडद्यावरची वाट पट्टीने आखल्यासारखी उमटत होती. मॅडम पुढे आली, पडद्याकडे बघत उभी राहिली. "दादा, बघा की," ती म्हणाली.

"मॅडम, ह्यो हात बगा," तो म्हणाला.

तिने पाहिलं. तो बोलत राहिला, जे मला सांगितलं तेच, त्याच क्रमाने, जणू आता पाठ झालं होतं. रेषा अर्धी झाली, पाऊण झाली, यंत्र एकटंच लाँच चालवत होतं. मॅडमचा चेहरा चिडल्यासारखा झाला, मग उतरला. शेवटी तिने एवढंच विचारलं, "मग आज धक्क्याला कोण लावणार?"

मी लावली. लाँच धक्क्याला आपटली आणि तिच्या कडेचं रबर फाटलं. इतक्या वर्षांत मी तारा जोडल्या होत्या, बोट कधी चालवली नव्हती. ड्रायव्हरने दोर घेतला आणि एका हाताने गाठ मारली. मला जीपपर्यंत सोडायला आला नाही.

त्या संध्याकाळी मी सांगलीला फोन केला. वहिनींनी फोन अण्णांच्या कानाला लावला. मी म्हटलं, "अण्णा, चौथा अंक खोडला. चाललं." पलीकडून बराच वेळ श्वास ऐकू येत होता, मग एक लांब आवाज. वहिनींनी फोन परत घेतला. "हसले," त्या म्हणाल्या.

त्या हंगामातल्या रेषा सगळ्या झाल्या. मॅडमने दहिवडीकडचा एक तरुण माणूस तात्पुरता मागवून घेतला. तो धक्क्याला लावायचा, आणि रेषा ऑटोपायलट धरायचा. जुन्या ड्रायव्हरला धक्क्यावरच्या शेडमध्ये पाण्याच्या पातळीची नोंद ठेवायचं काम मिळालं. मॅडमने त्यासाठी वर बरीच पत्रं लिहिली, हे मला दुसऱ्या कुणाकडून कळलं. त्याने मला कधी फोन केला नाही. मीही केला नाही.

या मार्चमध्ये मॅडमचा फोन आला. दहिवडीचा माणूस आता कायम झालाय. काम चांगलं करतो. "पण काका," ती म्हणाली, "तो ऑटोपायलट लावतच नाही. म्हणतो, यंत्राच्या भरवशावर बसायला मला भीती वाटते. हाताने नेतो. आणि रेषा येतात हो त्याच्या सरळ."

"मग बरं आहे की."

"तुम्ही एवढे हेलपाटे घातले, म्हणून सांगावंसं वाटलं."

मला राग आला नाही. त्याच्या वयाला मीही असाच होतो. "फक्त तारा काढून टाकू नका म्हणावं," मी सांगितलं. ती बरं म्हणाली. फोन ठेवला तेव्हा बायकोने चहा आणून ठेवला होता. थोड्या वेळाने घेतो, असं तिला म्हणालो आणि आत जाऊन आडवा झालो.